सागवानी चौकटीपलीकडे

मळमड्डीतील आमच्या घरात ओसरीवरून माजघरात जाताना जी चौकट लागते, ती ब्रह्मी सागवानाची आहे, ही गोष्ट माझे आजोबा घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास, त्याने विचारलेले असो वा नसो, आवर्जून सांगत असत. आणि सांगताना चौकटीच्या उभ्या बाहीवरून तळहात असा सावकाश फिरवीत, की आपल्या गाईच्या पाठीवरून हात फिरविणाऱ्या शेतकऱ्याची आठवण व्हावी. धारवाडच्या पावसाळ्यांनी त्या घराची कौले कितीदा फिरवावयास लाविली, भिंतींचे पोपडे कितीदा पाडले, शेजारच्या कपाटाला वाळवीने दोनदा पोखरले. परंतु त्या चौकटीला नव्वद वर्षांत कीड म्हणून शिवली नाही. आम्हां मुलांच्या लेखी ब्रह्मदेश ही लाकडाची एक जात होती. ती एक भूमी आहे, तिला नद्या आहेत, राजे होते आणि तेथे माणसे राहतात, हे पुढे केव्हातरी भूगोलाच्या तासाला आणि त्याहूनही अधिक गीतारहस्याच्या प्रस्तावनेतून कळले. आणि तेव्हापासून ती चौकट ओलांडताना आपण कोणाच्या तरी अरण्यातून आत येत आहोत, असे काहीसे मनाला वाटू लागले, ते आजवर सुटलेले नाही.

मळमड्डीतील वनवासी राममंदिराच्या पायरीवर सायंकाळी बसणारे आम्ही चौघे बालमित्र. एक निवृत्त स्टेशनमास्तर, एक वकील, एक चित्रकलेचे शिक्षक आणि चौथा मी. धारवाडचे रेल्वे स्थानक आमच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे गाड्यांच्या शिट्यांवर घड्याळ लावण्याची सवय आम्हांस बालपणापासून जडलेली. परंतु त्या गाड्यांनी दूरवर जाण्याचा योग मास्तरांखेरीज कोणास फारसा आला नव्हता. रंगूनला जाण्याचा विषय प्रथम मास्तरांनीच काढिला, आणि त्याला कारण त्यांची आजी. ही आजी रत्नागिरीची. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा सहकुटुंब रत्नागिरीत नजरकैदेत होता, त्या काळातील तिचे बालपण. टेकडीवरील वाड्यात संध्याकाळी दिवे लागले, की खालच्या आळीतील बायका म्हणत, ‘राजाच्या लेकी समुद्राकडे बघत बसल्या असतील’, आणि आजी आपल्या नातवंडांना हे सांगून नेहमी एकच वाक्य पुढे जोडीत असे : ‘समुद्र मावळतीला, त्यांचा मुलूख उगवतीला, चुकीच्या बाजूला बघत बसायच्या बिचाऱ्या.’

वकीलसाहेब प्रकृतीची सबब सांगू लागले, तेव्हा मास्तर म्हणाले, “गुडघ्यांना विचारून निघायचं म्हटलं, तर जन्मभर ह्या पायरीवरच बसावं लागेल की! पासपोर्ट काढ, बाकीचं मी बघतो.” आणि त्यांनी खरोखरच बघितले. डिसेंबर २०१५ च्या अखेरीस अमरावती एक्सप्रेसने आम्ही धारवाड सोडले, हावड्यास उतरून एक दिवस कोलकात्यात मुक्काम केला, आणि तेथून विमानाने दोन तासांच्या आत, घड्याळ एक तास पुढे सारून, रंगूनच्या भूमीवर पाय ठेविला. त्या शहराचे सरकारी नाव आता यांगोन असे आहे, आणि तेथील लोकांच्या उच्चाराला तेच जवळचे आहे; परंतु ज्या नावाने आजी ते शहर ओळखीत होती, ते नाव सोडवत नाही, म्हणून येथे मी रंगून असेच लिहीन.

पहिल्या दिवशी त्या शहराने आम्हांस गोंधळविले ते रस्त्यांमुळे. १९७० मध्ये तेथील राज्यकर्त्यांनी डाव्या बाजूची वाहतूक उजव्या बाजूस नेली. परंतु जपानातून आलेल्या जुन्या मोटारींचे चाक उजवीकडेच राहिले, त्यामुळे चालक रस्त्याच्या कडेला बसतो आणि पुढचे वाहन ओलांडताना शेजारच्या उतारूने मान बाहेर काढून वाट मोकळी आहे की नाही हे सांगावे लागते. मोटारींची एवढी दाटी, तरी दुचाकी गाडी मात्र औषधालाही नाही, कारण शहराच्या हद्दीत मोटारसायकलींस बंदी आहे. या दाटीतून चालत आपण सुले पगोड्यापाशी येतो, तेव्हा कळते, की हा सुवर्णस्तूप म्हणजे रस्त्यांच्या मधोमध उरलेले देवस्थान नसून सारे रस्तेच त्याच्यापासून मोजून आखलेले आहेत. १८५२ च्या दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर इंग्रजांनी दलदलीत भर घालून हे शहर नव्याने वसविले, तेव्हा पटावरील घरांप्रमाणे सरळ रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या, केवळ आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या त्यांनी पाडल्या आणि मध्यबिंदू म्हणून हा स्तूप धरिला.

सुलेवरून पूर्व-पश्चिम धावणाऱ्या हमरस्त्याला इंग्रजी अमलात डलहौसीचे नाव होते. हे वाचून आम्ही चौघेही क्षणभर थांबलो. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा करणारा तो हाच, आणि या दोहोंच्या मध्ये, १८५२ च्या डिसेंबरात, ज्याच्या एका जाहीरनाम्याने पेगू प्रांत, म्हणजे ब्रह्मी राजाकडे उरलेला सारा किनारा, सरकारजमा झाला तोही हाच. आज त्या रस्त्यास महाबंदुलाचे नाव आहे. पहिल्या युद्धात इंग्रजांशी लढता लढता १८२५ मध्ये पडलेला हा सेनापती. त्या पहिल्या युद्धात रंगून इंग्रजांच्या हाती गेले ते १८२४ च्या मे महिन्यात. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आमच्या धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या किल्ल्यासमोर राणी चन्नम्माच्या माणसांकडून मारला गेला. त्याचा स्मारकस्तंभ धारवाडात आम्ही लहानपणापासून पाहत आलो. कित्तूर धारवाडहून तासाभराच्या वाटेवर, रंगून समुद्रापार. परंतु कलकत्त्याच्या एकाच दफ्तरात त्या वर्षी या दोन्ही गावांचे खलिते एकामागून एक रुजू झाले असतील, हे त्या रस्त्यावर उभे राहिल्याशिवाय माझ्या कधी ध्यानी आले नसते.

४ जानेवारी हा ब्रह्मी स्वातंत्र्याचा दिवस. १९४८ मध्ये ज्योतिष्यांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर, पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी, तेथील निशाण चढले. त्या दिवशी आम्ही एका आकड्याच्या गल्लीत शिरलो, तो दोन्ही तोंडांस दोऱ्या बांधून वाहने अडविलेली, आणि आत गल्लीभर मुलांच्या शर्यती चाललेल्या. गोणपाटात पाय घालून उड्या मारीत धावणारी मुले, चमच्यात लिंबू धरून जपून चालणाऱ्या मुली, कडेला खुर्च्या मांडून बसलेल्या आज्या. आमचे चित्रकार मित्र वहीवर पेन्सिल चालवू लागले, तोच चारपाच मुले त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली. त्यांच्या गालांवर फिकट पिवळ्या लेपाची वर्तुळे होती. तो थनाखा. एका झाडाची साल गोल दगडावर पाणी घालून उगाळायची आणि तो लेप गालांस, कपाळास लावायचा; उन्हापासून रक्षण व्हावे आणि मुख शोभावे असे दोन्ही हेतू. दुसऱ्या दिवशी बाजारात तो दगड पाहिला, तेव्हा वकीलसाहेब नुसते “सहाण!” एवढेच उद्गारले. देवघरातील सहाणेला जशी कडेने पन्हळ असते, तशीच पन्हळ, तसेच उगाळलेले पाणी साठण्याची सोय. विकणारणीने आमच्या विस्मयाचा अर्थ खरेदीची इच्छा असा घेतला, आणि तो काही चुकीचा नव्हता. एक दगड आज माझ्या घरी आहे.

ओळखीच्या वस्तू अशा पावलोपावली भेटत. कोपऱ्याकोपऱ्यावर विड्याची टपरी, तीत ओल्या कापडाखाली झाकलेली पाने, चुन्याचे भांडे आणि कातरलेली सुपारी. आमच्याकडे कन्नड बायाबापड्या ज्याला एले-अडिके म्हणतात, तोच हा संसार. सकाळच्या न्याहारीस शेवयांसारखे काही माशांच्या रश्श्यात वाढलेले मोहिंगा नावाचे खाद्य सारे नगर खाते, आणि आम्ही शाकाहारी. परंतु जीवहत्येपासून मुक्त अन्न, अशा अर्थाचा एक शब्द ब्रह्मी भाषेत आहे, तो आम्ही हॉटेलातील मुलीकडून कागदावर लिहून घेतला. तो कागद दाखविला, की स्वयंपाकघरातून कौतुकाने कोणीतरी डोकावून पाही, आणि मग भाताबरोबर वालपापडी, चिंचेचा पाला आणि आंबविलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर येई. चहाची पाने खाण्याची ही रीत आम्हांस नवी होती. शेंगदाणे, तीळ, तळलेला लसूण आणि लिंबू यांच्या संगतीने त्या पानांचा तुरटपणा जिभेवर असा काही रेंगाळतो, की चौथ्या दिवशी मी तीच मागवू लागलो.

पण रंगूनने मला जे खरे दिले, ते चहाच्या दुकानात. ही दुकाने म्हणजे रस्त्यावर मांडलेली बुटकी मेजे आणि त्याहून बुटकी आसने. मेजावर फुकट कोऱ्या चहाची किटली असतेच. घट्ट गोड दुधाचा चहा निराळा मागवायचा. आणि वाढणाऱ्या पोरास हाक मारायची ती ओठांनी चुंबनासारखा आवाज काढून. वकीलसाहेबांना तो आवाज शेवटपर्यंत काढवला नाही. अनोरथा रस्त्यावर, १८७१ मध्ये तमिळ लोकांनी बांधलेल्या श्रीकाली मंदिराच्या रंगीत गोपुरापासून थोड्या अंतरावर, अशाच एका दुकानात आम्ही बसलो होतो. गल्ल्यावर सत्तरीच्या घरातील एक गृहस्थ, लुंगीसारखी लोंजी नेसलेले, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. गिऱ्हाइकांशी ब्रह्मी भाषेत बोलत, आणि आत भट्टीवरच्या बाईला तमिळमध्ये सूचना देत. मास्तरांनी नोकरीची बरीच वर्षे मद्रासकडे काढलेली. त्यांनी तमिळमध्ये चहाची वाखाणणी केली, तसे ते गृहस्थ गल्ला सोडून आमच्यापाशी येऊन बसले.

त्यांचे आजोबा रामनाडकडून आले होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या शहरात निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी माणसांची होती, हे आम्ही वाचले होते. गोदीतील हमाल, रिक्षावाले, कारकून, डॉक्टर, सावकार, पोलीस, सारे समुद्रापारचे. १९४१ च्या डिसेंबरात जपानी बाँब पडले, आणि नंतरच्या महिन्यांत लक्षावधी माणसे आराकानच्या आणि आसामच्या वाटांनी पायी हिंदुस्थानकडे निघाली. या गृहस्थांचे थोरले काका त्यांतले. “निघाले तो दिवस घरात माहीत आहे,” ते म्हणाले, “पोचल्याचा दिवस कुणालाच माहीत नाही.” वडील राहिले. पुढे १९६२ मध्ये लष्कराचा अंमल आला, १९६४ मध्ये दुकाने आणि पेढ्या सरकारने ताब्यात घेतल्या, आणि उरलेल्या हिंदी लोकांतून लाखोंची पुन्हा रवानगी झाली. दोन भाऊ तेव्हा मद्रासेस गेले. चेन्नईच्या बर्मा बाजारात त्यांच्या मुलांची दुकाने आहेत. “आणि तुम्ही?” मास्तरांनी विचारले. “मी धाकटा. आई म्हणाली, एकाने देवीच्या उत्सवाला इथं असावं.”

मग त्यांनी आम्हांस विचारले, की आपसांत तुम्ही बोलता ती भाषा कोणती? मास्तरांनी मराठीचे नाव सांगितले आणि लगेच हेही सांगितले, की आम्ही राहतो ते गाव कन्नड मुलखातील आहे, घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि हे आमचे तीनचार पिढ्यांपासून चालत आले आहे. यावर त्या गृहस्थांनी जो प्रश्न केला, तो मला आजवर कोणीही केलेला नव्हता. ते म्हणाले, “मग हिशेब कोणत्या भाषेत करता?”

आम्ही चौघे एकमेकांकडे पाहू लागलो. कारण उत्तर एकाचे एक नव्हते. मला पावकी-निमकी मराठीत पाठ, भाजीवालीशी भाव करताना मात्र आकडे मनात आपोआप कन्नडमध्ये उमटतात. वकीलसाहेब कोर्टाच्या फीचा हिशेब इंग्रजीत मांडतात. आणि चित्रकार मित्रांनी सांगितले, की वडील गेले तेव्हा तेरा दिवस मोजले ते त्यांनी मराठीत, पण वडिलांच्या शेवटच्या आजारातील श्वास मोजले ते कन्नडमध्ये, कारण शेजारी बसून मोजणारी परिचारिका कन्नड होती. हे त्यांनी आम्हांस पन्नास वर्षांच्या मैत्रीत प्रथमच सांगितले. ते गृहस्थ सारे ऐकून म्हणाले, “गल्ल्यातले पैसे मी ब्रह्मीत मोजतो. घरातली माणसं तमिळमध्ये.” चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, मास्तरांनी पिशवीतून धारवाडच्या लाइन बाजारातील पेढ्यांचा पुडा काढून त्यांच्या हाती दिला, आणि त्यांनी तो उघडून पहिला पेढा कालीच्या गोपुराकडे पाहत कपाळाला लाविला.

आमच्या गावी वरकवी बेंद्र्यांसारखा पुरुष होऊन गेला, ज्याच्या घरची भाषा मराठी आणि ज्याने कन्नड काव्याला आपले सर्वस्व दिले. त्याच्या साधनकेरीतील घरावरून आम्ही असंख्य वेळा गेलो आहोत. परंतु दोन भाषांच्या उंबरठ्यावर आयुष्य काढणे ही गोष्ट आम्हांस इतकी सवयीची झाली होती, की तिच्याकडे वळून पाहण्यास रंगूनच्या एका चहावाल्याचा प्रश्न लागला.

श्वेडगोन पगोडा सिंगुत्तर नावाच्या टेकडीवर आहे, आणि सुमारे शंभर मीटर उंचीचा तो सुवर्णस्तूप शहराच्या कोणत्याही भागातून मान वर केली की दिसतो. तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांना स्वतः बुद्धाने आठ केस दिले आणि ते या टेकडीत स्थापिले, अशी कथा. दक्षिणेच्या जिन्याने अनवाणी वर गेलो, तेव्हा संगमरवरी अंगणात सायंकाळची गर्दी होती. परंतु त्या गर्दीत गलबला नव्हता. कुटुंबेच्या कुटुंबे जमिनीवर बसलेली, डबे उघडून जेवणारी, मुले निजलेली, आणि एका बाजूस स्त्रीपुरुषांची रांग हातात झाडू घेऊन एका ओळीत अंगण झाडीत चाललेली. सोन्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला ते झाडणे अधिक आठवते.

स्तूपाच्या भोवती आठ दिशांना आठ वारांची ठिकाणे आहेत. सात वारांची आठ ठिकाणे, ती अशी, की बुधवारचे सकाळ आणि दुपार असे दोन भाग केले आहेत, आणि दुपारनंतरच्या भागाचा स्वामी राहू. आपला जन्मवार ज्या दिशेला, तेथील बुद्धमूर्तीवर पेल्याने पाणी घालावयाचे. प्रत्येक वारास एक वाहनही आहे : सोमवारचा वाघ, मंगळवारचा सिंह, शनिवारचा नाग. मी गुरुवारचा, म्हणजे उंदराच्या वाट्यास आलो आणि पाणी घालून मोकळा झालो. मास्तरांचा जन्म बुधवारचा. सकाळचा की दुपारचा, हे त्यांस ठाऊक नव्हते. त्यांनी तेथूनच धारवाडास थोरल्या बहिणीला फोन लाविला. “अक्का, माझा जन्म जेवणाआधीचा का नंतरचा गं?” पलीकडून पुष्कळ वेळ काही सांगणे चालले होते. अखेरीस मास्तर म्हणाले, “उष्टीखरकटी काढून झाली होती म्हणते. तेव्हा राहू.” आणि बिनसुळ्याच्या हत्तीपाशी, वायव्य कोपऱ्यात, त्यांनी अतिशय गंभीरपणे पेल्यामागून पेला पाणी ओतले. राहू हे नाव तेथील लोकांच्या मुखातही आणि आमच्या मुखातही जवळजवळ तेच होते, आणि शेजारी पाणी घालणाऱ्या म्हातारीने ते ऐकून मान हालविली.

त्याच अंगणात १७७९ मध्ये ओतविलेली एक प्रचंड घंटा आहे. पहिल्या युद्धात इंग्रजांनी ती कलकत्त्यास नेण्यासाठी नदीपर्यंत ओढीत नेली, आणि ती नदीत बुडाली. त्यांना ती काढता येईना. ब्रह्मी लोकांनी ती वर काढली आणि पुन्हा टेकडीवर आणून टांगली. आम्ही चौघांनी लाकडी ठोकळ्याने तिच्यावर आघात केला. तिचा नाद हळूहळू विरत असता वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

मास्तरांचा खरा उत्सव मात्र वर्तुळाकार आगगाडीचा होता. रंगूनच्या मध्यवर्ती स्थानकावरून निघून सुमारे ४६ किलोमीटरचा फेरा घालून ती तेव्हा तीन तासांनी त्याच स्थानकावर परत येत असे. गाडी इतकी सावकाश चाले, की विक्रेते चालत्या गाडीत चढत आणि उतरत. मास्तर प्रत्येक स्थानकावर खिडकीतून सिग्नलचा हात, रुळांचे सांधे, केबिनमधील तरफा न्याहाळीत होते आणि हुबळीच्या यार्डातील कोणत्या सालचा सरंजाम येथे अजून चालू आहे, हे आम्हांस समजावून सांगत होते. डॅन्यिंगोनपाशी बाजार अगदी रुळांलगत भरे. तेथे पाच मिनिटांत आमचा डबा मुळ्याच्या जुड्या, कोथिंबीर आणि फुलांच्या मोळ्यांनी भरून गेला, आणि चित्रकार मित्रांच्या मांडीवर एका बाईने आपले मूल ठेवून दिले व ती दुसरी मोळी आणावयास उतरली. ते मूल इन्सेन येईपर्यंत त्यांच्या मांडीवर होते. इन्सेनला तुरुंग आहे. देशातील राजकीय कैद्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो पाहिला आहे. त्या मुलाची आई तिकडे न पाहता फुलांना पाणी मारीत होती.

शहरातील शोकस्थळे आम्ही पाहिली, पण त्यांविषयी थोडेच लिहितो. सचिवालयाची लाल विटांची अवाढव्य इमारत कुंपणाबाहेरूनच पाहिली; १९ जुलै १९४७ रोजी तेथे ब्रह्मी स्वातंत्र्याच्या नेत्याला, बत्तीस वर्षांच्या आँग सानला, त्याच्या सहकाऱ्यांसह गोळ्या घालण्यात आल्या. बहादूरशहा जफराच्या दर्ग्यात गेलो. १८६२ च्या नोव्हेंबरात दिल्लीचा तो शेवटचा बादशहा येथे वारला, तेव्हा कबरीची जागाही ओळखू येऊ नये असा बंदोबस्त इंग्रजांनी केला होता. १९९१ मध्ये गटार खणताना विटांची मूळ कबर सापडली. वरच्या दालनात हिरवी चादर घातलेली एक कबर आहे, आणि जिन्याने खाली उतरले की ती खरी. खाली आमच्याखेरीज कोणी नव्हते.

नदीच्या धक्क्यावर एक संध्याकाळ काढिली. डालाकडे जाणारी नाव माणसांनी भरून निघत होती आणि पाणकावळे तिच्या मागे उडत होते. १९०८ च्या सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना साबरमतीच्या तुरुंगातून काढून जहाजाने याच बंदरात आणिले आणि येथून मंडालेस नेले. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात, पाचएक महिन्यांत, पेन्सिलीने गीतारहस्य लिहून झाले. आमच्याच धारवाडच्या आलूर वेंकटरावांनी ते पुढे कन्नडमध्ये आणिले. आमच्या घरी मराठी प्रत होती आणि शेजारी कन्नड, आणि दोन्ही घरच्या आजोबांत एखाद्या श्लोकावर वाद निघाला, की कुंपणावरून दोन्ही ग्रंथ उघडले जात. पण त्या धक्क्यावर मला निराळीच गोष्ट लख्ख दिसली. लोकमान्यांचा जन्म रत्नागिरीचा. १९०८ पासून १९१४ पर्यंत रत्नागिरीचा पुत्र मंडालेच्या किल्ल्यात, जेथे थिबाचा राजवाडा होता त्याच तटबंदीच्या आत, कैदेत होता. आणि त्याच सहा वर्षांत मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता. एकाने दुसऱ्याच्या गावाचा पाऊस पाहिला, एकाने दुसऱ्याच्या गावाचा उन्हाळा सोसला. लोकमान्यांच्या पत्नीचे १९१२ मध्ये पुण्यास देहावसान झाले, ते त्यांना मंडालेस कळले. थिबा १९१६ च्या डिसेंबरात रत्नागिरीतच वारला, आणि त्याचा देह मायदेशी नेऊ द्यावा ही राणीची मागणी सरकारने मानली नाही.

आणि हे सारे ज्यामुळे घडले ते लाकूड. १८८५ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने जंगलातून काढलेल्या सागाच्या ओंडक्यांची संख्या कमी दाखविली असे ठरवून थिबाच्या दरबाराने तिला जबर दंड केला, इंग्रजांनी ते निमित्त धरिले, नोव्हेंबरात इरावतीतून आगबोटी वर गेल्या आणि पंधरवड्याच्या आत राजा शरण आला. मद्रासेस काही महिने ठेवून १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीस आणिले. आमच्या माजघराची चौकट कोणत्या वखारीतून आली, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. तिच्या बाहीवरून आजोबा हात फिरवीत असत, तो हात मला त्या धक्क्यावर आठवत राहिला.

शेवटच्या दिवशी दुपारी मास्तर म्हणाले, “आता आजीचं काम.” श्वेडगोनच्या दक्षिणेस, टेकडीच्या पायथ्याशी, एका आवारात चार समाध्या आहेत. त्यांत संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट यांची आहे, आँग सानच्या पत्नीची आहे, थाकिन कोडो हमाइंग या कवीची आहे. आणि पांढरी, चढत्या शिखराची जी आहे, ती राणी सुपयालाटची. नवऱ्याच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये तिला ब्रह्मदेशात परतू दिले, पण मंडालेस नव्हे. रंगूनमध्येच १९२५ च्या नोव्हेंबरात ती वारली. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत तेथे तिचा संसार झाला. आणि थिबाची कबरही तेथेच, कोकणच्या पावसात. राणी येथे, राजा तेथे.

आवारात एक माळी वाळलेली पाने गोळा करीत होता. मास्तरांनी चपला काढल्या, पेढ्यांतला उरलेला एक पुडा समाधीच्या पायरीवर ठेविला, आणि माळ्याला हाताने खूण करून विचारले, की सूर्य कुठे मावळतो? त्याला ते एकदम उमगले नाही. मग त्याने झाडांच्या वरून हात करून रस्त्याच्या पलीकडची बाजू दाखविली. मास्तर तिकडे तोंड करून उभे राहिले. आम्हीही राहिलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. रस्त्यावरून मोटारी जात होत्या आणि वर स्तूपाच्या छत्रातील लहान घंटा वाऱ्याने वाजत असाव्यात.

“आता ही बाजू बरोबर आहे,” मास्तर म्हणाले; आणि खाली वाकून चपला घालू लागले.